तरंगफलक आणि दोन वाट्या खीर

"लिही," उद्धवराव म्हणाले. "मराठवाड्यातील एकमेव आणि अग्रगण्य खाजगी गुप्तहेर..."

"एकमेव असल्यावर अग्रगण्य कशाला, अण्णा?" संपदा म्हणाली. "मागे रांगच नाही."

"रांग नाही हे लोकांना कुठं माहीत आहे? लिही. श्री. उद्धवराव वसमतकर. ज्यांच्या नजरेतून मुंगीचं पाऊलही निसटत नाही. ज्यांचं नाव ऐकताच गुन्हेगार..."

"परवा तुम्ही अंगणातल्या ओल्या पावलांचा माग काढत संडासापर्यंत गेलात. पावलं तुमचीच होती."

"माग बरोबर निघाला की नाही?" उद्धवरावांनी शांतपणे विचारले. "पावलांचा मालक तिथं पोचला होता की नाही? पद्धतीला नावं ठेवू नकोस. लिही."

संपदाने जाहिरात लिहून घेतली. ती नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंगोलीला वडिलांजवळ राहायला आली होती. येताना पुस्तकांची एक जड पिशवी आणली होती. ती अजून उघडलीसुद्धा नव्हती, कारण आल्या दिवसापासून तिची नेमणूक गुप्तहेराची सहायक म्हणून झाली होती. उद्धवराव पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दारावर पाटी लावली. पाटीवर एक भिंग काढलेले होते. रंगाऱ्याच्या हाताने ते पळीसारखे झाले होते, त्यामुळे अधूनमधून एखादा परगावचा माणूस आत येऊन जेवणाचा दर विचारी.

संपदाची आई, ताराबाई, होत्या तोवर उद्धवरावांची प्रकरणे सुटत. ते दिवसभर तर्क लढवून, टोळ्या आणि कटकारस्थाने डोक्यात घेऊन घरी येत. ताराबाई चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणत, "देवळातली समई पुजाऱ्यानंच उजळायला दिली असेल. सण आलाय ना." दुसऱ्या दिवशी उद्धवराव देवळात जाऊन, सर्वांसमक्ष, समई उजळायला गेली असल्याचा खळबळजनक उलगडा करत. गेल्या दिवाळीच्या सुमारास ताराबाई गेल्या. तेव्हापासून एकही प्रकरण सुटले नव्हते. उद्धवरावांच्या मते जिल्ह्यातले गुन्हेगार हुशार होऊ लागले होते.

या वेळचे काम मात्र खरेखुरे होते. पुसेगावकडच्या एका तांड्यावरचा रणजीत राठोड पोरवयात पाया खोदणाऱ्या टोळीबरोबर गोव्याला गेला होता. समुद्रकाठी हॉटेल बांधून झाले, टोळी परत आली, रणजीत तिथेच राहिला. तो किनाऱ्यावर छत्र्या लावायचा, खुर्च्या उचलायचा. सकाळी गोरे लोक लांबट फळ्यांवर उभे राहून लाटांवरून घसरत यायचे, ते बघता बघता तोही शिकला. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मायदेशी जाताना आपला जुना कॅमेरा आणि जुना सर्फबोर्ड त्याला देऊन टाकला. आता पाच-सहा वर्षांनी रणजीत गावी परतला होता, तो समुद्राच्या फोटोंच्या चौकटी टेंपोत घालून.

त्याला एक जीप घ्यायची होती. वारंगा फाट्यावरच्या एका गॅरेजात जुनी जीप उभी होती आणि मालकाने ती लिलावाच्या दिवसापर्यंत धरून ठेवायचे कबूल केले होते. त्यानंतर घ्यायला दुसरा माणूस तयारच होता. रणजीतची धाकटी बहीण पुजा सातवी पास झाली होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गोरेगावला. त्यांच्या बापाने, प्रेमदासने, साफ सांगितले होते, "गाडी झाली तर पोरगी जाईल. न्हाई झाली तर न्हाई. त्या वढ्याच्या वाटेनं एकल्या लेकराला मी धाडणार न्हाई." तांड्यावरच्या पुजाएवढ्या बाकीच्या पोरींचे आईबाप प्रेमदासकडे बघून होते. जीप आली की रणजीत ती स्वतः चालवणार होता. पोरींना शाळेत सोडायचे आणि आणायचे, फुकट.

म्हणून लाटांच्या चित्रांचे आणि फोटोंचे प्रदर्शन, आणि शेवटी लिलाव. हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि जिल्ह्याच्या गावाला शोभेल असे काहीतरी व्हावे, असे सगळ्यांनाच वाटत होते. मंगल कार्यालय फुकट मिळाले. मोंढ्यात हळदीचा सौदा पुकारणारे भावसिंग लिलाव पुकारायला तयार झाले. निमंत्रणावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापले होते ते सर्फबोर्डाबद्दल. त्याच्या खालच्या बाजूवर रणजीतने आपल्या आईच्या, रुख्मिणीबाईच्या, कशिद्यातली नक्षी रंगवली होती. आरशांच्या जागी निळे ठिपके, कवड्यांच्या जागी फेस. बियाण्यांचे एक मोठे दुकानदार त्यावर चांगली बोली लावणार, असा बोलबाला होता.

उद्धवराव सुरक्षाप्रमुख झाले. तसे त्यांना कोणी केले नव्हते.

"हा तरंगफलक," सर्फबोर्डाला त्यांनी स्वतःच शब्द तयार केला होता, "मंगल कार्यालयात ठेवणं धोक्याचं आहे. तो रात्री माझ्या घरी राहील. पाण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे."

"अण्णा, तुम्ही कालव्याच्या फायली लावायचात," संपदा म्हणाली.

"कालव्यालाही लाटा असतात. बारीक असतात."

संध्याकाळी रणजीत बोर्ड घेऊन आला. ओसरीवर बसून तो त्याच्या वरच्या बाजूला मेणाचा गोळा घासत राहिला. मेणबत्त्या, मधाच्या पोळ्याचे मेण आणि खोबरेल कढवून तो स्वतःच हे मेण बनवायचा.

"हे काहून लावून राहिला?" उद्धवरावांनी संशयाने विचारले.

"पाय घसरू नये म्हणून, काका. घेणारानं उद्याच पाण्यात घातला तर?"

"हिंगोलीत?"

"आपलं काम आपण बराबर करावं," रणजीत म्हणाला.

उद्धवरावांनी बोर्ड एका गोधडीत गुंडाळून ओसरीच्या भिंतीला टेकवला, समोर खुर्ची टाकली आणि रात्रभर डोळ्यांत तेल घालून पहारा देणार असल्याचे जाहीर केले. संपदा झोपायला गेली तेव्हा गुप्तहेर घोरत होते.

सकाळी खुर्ची होती, गुप्तहेर होते, बोर्ड नव्हता. गोधडी तेवढी व्यवस्थित घडी करून खुर्चीच्या पायाशी ठेवलेली होती.

"घडी!" उद्धवराव ओरडले. "संपदा, चोर सुशिक्षित आहे."

"किंवा बाई आहे," संपदा म्हणाली.

"सुशिक्षित, शिस्तीचा, लष्करी वळणाचा. आंतरराष्ट्रीय टोळी. गोव्यापासून मागावर आहेत. आता कुणाला एक अक्षर सांगायचं नाही. काय चोरीला गेलंय हे चोराला कळता कामा नये."

"चोराला ते माहीत असणार, अण्णा."

"त्याला ते माहीत आहे हे आपल्याला माहीत आहे, हे त्याला कळता कामा नये," उद्धवराव म्हणाले आणि चपला घालून समोरच्या घरी चौकशीला निघाले.

समोर मालनबाई राहायच्या. त्यांच्याकडे आज सकाळपासून गल्लीतल्या बायकांची ये-जा होती आणि गच्चीवरून हसण्याचे आवाज येत होते. उद्धवराव मात्र जमिनीकडे नजर लावून चालत होते.

"मालनबाई, मी आज शेजारी म्हणून आलेलो नाही."

"बसा तर खरं, भाऊजी. कोण म्हणून आलात ते खीर खाऊन सांगा." त्यांनी दोघांपुढे वाट्या ठेवल्या. "संपदा, घे गं बाई."

"काल रात्रीपासून गल्लीत काही संशयास्पद?"

"कशाचं?"

"ते गुप्त आहे."

"काही हरवलं काय तुमचं?"

"ते सांगता येणार नाही."

"मग आमी काय सांगावं?"

"जे दिसलं ते."

मालनबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग पदर डोळ्यांना लावला. "जे दिसलं ते दिसलं, भाऊजी. तुमी आता काही बोलू नका. तुमाला बोलणं व्हायचं न्हाई अन् आमाला ऐकणं व्हायचं न्हाई. लई चांगलं केलंत. एवढंच म्हणते."

उद्धवरावांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरी वाटी मागून घेतली.

रस्त्यावर येताच ते कुजबुजले, "पाहिलंस? डोळ्यांत पाणी. अपराधीपणा! शिवाय खिरीला कसला वास होता?"

"मी वाटी तोंडाला लावली नाही. सकाळी सकाळी मला गोड जात नाही."

"परका वास. ही वेलची आपल्याकडची नव्हे. टोळीनं विदेशी वेलची देऊन त्या माउलीचं तोंड बंद केलंय."

"मग दुसरी वाटी कशाला खाल्लीत?"

"पहिल्या वाटीत पुरावा अपुरा होता."

मंगल कार्यालयात प्रदर्शन उघडले होते आणि लोक येत होते. हातगाडीवाले, मास्तर, मोंढ्यातले हमाल, नटूनथटून आलेल्या बायका. एका मोठ्या लाटेच्या फोटोपुढे गर्दी होती.

"हे ढग हायत काय?"

"ढग कशाचे! सांडवा सुटल्यावर ईसापूरच्या धरणाला असंच दिसतंय."

"अन् ह्या माणसाला इस्त्रीच्या टेबलावर काहून उभं केलंय?"

प्रेमदास डोक्याला पागोटे बांधून एका कोपऱ्यात उभा होता. मुलाने काढलेल्या फोटोंकडे तो बराच वेळ बघत राहिला. "एवढं पाणी," तो शेवटी म्हणाला, "अन् पिता येत न्हाई म्हणते. मग गोरे लोक त्यात काय करते?"

"उभे राहतेत, बा," रणजीत म्हणाला.

"उभं राहायला इथं जागा कमी हाय काय?"

तेवढ्यात रणजीतचे लक्ष उद्धवरावांच्या रिकाम्या हातांकडे गेले. संपदाने त्याला बाजूला नेऊन खरे ते सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्याने फक्त भिंतीपाशी बसलेल्या पुजाकडे पाहिले. पुजा गोरेगावच्या शाळेत पोरी खाकी रंगाची पिशवी नेतात की निळी, हे शेजारच्या पोरीला विचारत होती.

"भिऊ नकोस," उद्धवराव म्हणाले. "संध्याकाळच्या आत तरंगफलक हजर करतो. विचार कर. अत्तर कुठं लपवावं? अत्तराच्या दुकानात. मग फळी कुठं लपवावी?"

त्यांनी सावकाश मान वळवली. समोर व्यासपीठ होते. व्यासपीठ फळ्यांचे होते.

खेमा मंडपवाल्याने पहाटेपासून खपून ते उभे केले होते, वर सतरंजी अंथरली होती, झालर लावली होती. अर्ध्या तासाने त्यातली एकही फळी जागेवर नव्हती.

"साहेब, ह्या माझ्या फळ्या हायत," खेमा रडकुंडीला येऊन म्हणाला. "हरेक फळीला माझं नाव हाय मागून."

"नाव चोरही घालू शकतो."

"अवो, खिळे बी गंजलेत! एका रात्रीत गंजतेत काय?"

"समुद्राची हवा लागली की गंजतात," उद्धवराव विजयाने म्हणाले, पण फळ्या आंब्याच्या निघाल्या आणि रुंदीला सगळ्या सारख्या. मग व्यासपीठ पुन्हा उभारायला खेमा, रणजीत आणि पागोटे बाजूला ठेवून प्रेमदास असे सगळे लागले. उद्धवराव देखरेख करत होते, म्हणून ते काम आणखी लांबले.

दुपार झाली. बियाण्यांचे दुकानदार दोनदा येऊन बोर्ड कुठे आहे असे विचारून गेले. दुसऱ्यांदा जाताना ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, "नुसत्या फोटोंसाठी मला बसता यायचं न्हाई." भावसिंगांनी मोंढ्यातला माणूस वारंगा फाट्याला पाठवून निरोप आणवला होता. गॅरेजवाल्याने सांगितले होते की उद्या सकाळपर्यंत पैसे नाही आले तर तो जीप दुसऱ्याला देऊन टाकील.

संपदा वडिलांना घेऊन घरी आली, रणजीतलाही ओढून आणले. त्याने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतले नव्हते. ओसरीवर उद्धवराव येरझारा घालत होते. मग ते थांबले, वळले आणि बोट रणजीतवर रोखले.

"ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. म्हणजे लपायला सगळ्यात उत्तम जागा ती. रणजीत राठोड, तू स्वतःच तो नेलास!"

रणजीत म्हणाला, "काका, माझं मन होत नव्हतं तो विकायचं, हे खरं हाय. म्हाताऱ्यानं मला तो दिला तेव्हा मी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर रडलो होतो. पण पुजीची शाळा बुडवून मी तो घरात ठेवीन, असं वाटतं काय तुमाला?"

"अण्णा, पुरे," संपदा म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण उद्धवराव खुर्चीत बसले.

तेवढ्यात समोरच्या घरातून मालनबाईंनी डबा पाठवला. भात, वरण आणि पुन्हा खीर. संपदाने ताट वाढून रणजीतपुढे ठेवले. तो नको नको म्हणत राहिला. शेवटी तिचे मन राखायला त्याने खिरीचा एक घोट घेतला आणि वाटी तशीच हातात धरून बसला.

"ताई."

"काय झालं?"

"ह्या खिरीला..." त्याने पुन्हा वास घेतला. "ह्या खिरीला माझ्या किनाऱ्याचा वास येऊन राहिला."

"विदेशी वेलची," उद्धवराव म्हणाले.

"वेलची न्हाई, काका. माझं मेण हाय ते. बोर्डाचं."

संपदा उठली आणि चप्पल न घालताच रस्ता ओलांडून मालनबाईंच्या जिन्याने वर गेली. मागून रणजीत, त्यामागून धापा टाकत उद्धवराव.

गच्चीवर दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर आडव्या काठ्यांवरून शेवया लोंबत होत्या, केसांसारख्या बारीक, उन्हात चमकणाऱ्या. मधोमध एक बाज उभी करून तिच्यावर सर्फबोर्ड तिरका टेकवला होता, नक्षीची बाजू खाली. त्याच्या वरच्या टोकाला घोड्यावर बसावे तशी गल्लीतली मनकर्णाबाई बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी कणकेचा गोळा खाली खाली ओढत होती. उताराच्या शेवटाला दुसरी बाई शेवई हातावर झेलत होती.

"थांबा!" उद्धवराव म्हणाले. "हा चोरीचा माल आहे."

मनकर्णाबाईचा हात थांबला. मालनबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा एकदम पडला. "चोरीचा? भाऊजी, तुमीच तर बाहेर काढून ठेवला!"

"मी?"

"अवो, गल्लीचा पाट हो. शेवयांचा. सगळ्यांत मिळून एकच होता न्हाई का. एकीचं झालं की दुसरीनं उचलून न्यायचा, विचारायचं बी न्हाई. गेल्या साली शेवटी तो ताराक्काकडं गेला अन् तिथंच राहिला. मग ताराक्का..." त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "यंदा कुणी मागावा? ज्या घरातलं माणूस गेलं तिथं जाऊन आमचा पाट द्या म्हणावं काय? मनकर्णा म्हणे, ऱ्हाऊ द्या, यंदा बाजारच्या शेवया आणू. अन् आज पहाटं बघते तर तुमच्या ओसरीला, भिंतीला टेकवून, ताराक्काच्या गोधडीत गुंडाळून."

उद्धवरावांनी कठड्यावरून वाकून समोरच्या आपल्या ओसरीकडे पाहिले.

"गोधडी सोडून बघितलं तर नवाच! खालून चित्रं बी काढलेली. म्हणलं, भाऊजींनी ताराक्काच्या नावानं गल्लीला नवा पाट करून आणला. बोलता येत न्हाई म्हणून नुसता ठेवून दिला अन् खुर्चीत झोपेचं सोंग घेऊन बसले."

"सोंग नव्हतं," संपदा हळूच म्हणाली.

"मग आमी बी न बोलता उचलला. चित्राच्या अंगाला पीठ लावलं न्हाई हं, चित्र खराब होईल म्हणून. ह्या अंगानं ओल्या फडक्यानं पुसून घेतला. काहीतरी खरबरीत लावलेलं हाय त्याला, शेवई अशी धरून ठेवतंय की तुटत न्हाई. जुन्या पाटाला बी एवढं येत न्हवतं." त्यांनी दोरीवरच्या पहिल्या काठीकडे बोट केले. "ह्या तुमच्या घरच्या. पाट ज्या घरून येतो त्या घराची पाळी पहिली. ताराक्काची पाळी आमी काहून मोडावी?"

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. उद्धवराव त्या पहिल्या काठीकडे पाहत उभे होते.

"हे सगळं मला सकाळपासूनच माहीत होतं," ते म्हणाले.

रणजीत तोंड उघडणार तेवढ्यात संपदा म्हणाली, "हो. मला म्हणाले होते अण्णा." आणि तिने बाज आडवी करायला हात घातला.

बोर्ड व्यासपीठावर पोचला तेव्हा लिलाव सुरू झाला होता. मागोमाग मालनबाई आणि गल्लीतल्या बायाही येऊन बसल्या. भावसिंग सवयीने प्रत्येक फोटो उचलून आधी त्याचा वास घेत, नखाने कोपरा खरडून बघत, मग पुकारत, "बघा मालकहो, ओलावा न्हाई, भेसळ न्हाई, एकदम सुकलेला माल!" समुद्राच्या बाबतीत हे जरा विचित्र वाटत होते. फोटो जात होते, पण रखडत. एक डॉक्टरांनी घेतला, एक सलूनवाल्याने. जीप अजून लांब होती.

मग बोर्ड उभा केला. नक्षी पाहून टाळ्या पडल्या आणि भावसिंगांनी पुकारा केला. बियाण्यांच्या दुकानदारांनी बोर्डाभोवती एक फेरी मारली, वरच्या बाजूला वाळलेली कणीक पाहिली, बोटाने उकरली. "वापरलेला हाय," ते म्हणाले आणि जाऊन बसले. दुसरी बोली येईना. हिंगोलीत सर्फबोर्ड घेऊन करायचे काय, हा प्रश्न आत्तापर्यंत कुणी मोठ्याने विचारला नव्हता. आता तो सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. रणजीतने पुजाकडे पाहण्याचे टाळले. मागच्या बाजूला प्रेमदास पागोटे सारखे करून निघायच्या बेतात उभा होता.

"एक मिनिट!" उद्धवराव व्यासपीठावर चढले. "सुरक्षाप्रमुख म्हणून मला खुलासा केला पाहिजे. या कणकेमागे एक थरारक प्रकरण आहे."

संपदाने डोळे मिटून घेतले.

उद्धवरावांनी सगळे सांगितले. टोळी, विदेशी वेलची, फळ्यांचे गूढ, आणि शेवटी स्वतःच्या असामान्य बुद्धीने गच्चीपर्यंत लावलेला छडा. लोक हसत होते. ते त्यांना कौतुक वाटत होते. "आणि तिथं, मंडळी, मी पाहिलं की ह्या फलकावरची शेवई केसासारखी बारीक आणि तरीही अखंड! एक तुटेल तर शपथ!"

बायकांच्या बाजूने एक हात वर झाला. वारंगा फाट्याच्या बचत गटाच्या बाया तिथे बसल्या होत्या. पापड-शेवयांचा धंदा होता त्यांचा.

"तुटत न्हाई म्हणालात?"

"अजिबात न्हाई!" मालनबाई जागेवरूनच ओरडल्या. "दाखवू काय? कणीक आणलीय!"

भावसिंगांनी एका क्षणात ओळखले की सौदा फिरला. त्यांनी खुर्ची ओढली, बोर्ड तिरका टेकवला. मालनबाई पदर खोचून वर बसल्या आणि सगळ्या मंगल कार्यालयासमोर त्यांच्या तळव्यांखालून शेवई उतरू लागली. बाया जागा सोडून पुढे आल्या.

"काका, तो लाटेवर उभं राहायला असतोय हो," रणजीत भावसिंगांना म्हणाला.

"तू गप ऱ्हाय. आता कुणी उभं राहून ऱ्हायलंय का?" भावसिंग म्हणाले आणि गळ्यातला आवाज काढला, तो मोंढ्यात पहिल्या दर्जाच्या हळदीसाठी राखून ठेवलेला असायचा.

बोली उडायला लागली. कळमनुरीच्या बाया, फाट्याच्या बाया, आणि गल्लीतर्फे स्वतः मालनबाई, बोर्डावर बसूनच. बियाण्यांचे दुकानदारही शुद्धीवर येऊन एकदा ओरडले, पण बायकांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेले नाही. शेवटी फाट्याचा गट आणि मालनबाई उरल्या. मालनबाईंनी गल्लीच्या बायांकडे पाहिले, मग उद्धवरावांकडे.

"जुना पाट आहे," उद्धवराव खालच्या आवाजात म्हणाले. "आत, तिच्या पेटीमागं. उद्या काढून देतो. तुम्ही सोडा हा."

मालनबाई बोर्डावरून उतरल्या. भावसिंगांनी तीनदा पुकारून टाळी वाजवली. वारंगा फाट्याच्या बाया बोर्ड डोक्यावर घेऊन निघाल्या. रणजीत त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेला आणि मेण कसे बनवायचे ते त्यांना सांगत राहिला. पुजा प्रेमदाससमोर जाऊन उभी राहिली. प्रेमदास तिच्याकडे न पाहता म्हणाला, "गाडी येऊ दे आधी."

गाडी आली. जून अर्धा उलटला होता आणि वाटा ओल्या होत्या. पहिल्या फेरीला उद्धवराव पुढच्या सीटवर बसले होते, कारण अशा वेळी घातपात होतात. नांदेडला परत जायला निघालेली संपदा मागे बसली होती. ती हिंगोलीच्या बसस्टँडवर उतरणार होती, पण उतरायचे विसरली असे तिने सांगितले. रणजीतने तांड्याच्या तोंडाशी जीप थांबवली. पुढे जायला वाट नव्हती. प्रेमदासच्या अंगणाला बाभळीच्या काट्यांचे भरभक्कम कुंपण होते आणि पलीकडे ओसरीत पुजा पिशवी छातीशी धरून उभी होती.

"थांब!" उद्धवराव कुजबुजले. "समोर बघ. कुऱ्हाड."

प्रेमदास कुऱ्हाड घेऊन घराबाहेर आला होता आणि ताडताड पावले टाकत कुंपणाकडे येत होता.

"मी म्हणालो नव्हतो? माणसाचा बेत बदलला. हा आता गाडी अडवणार. संपदा, खाली वाक. रणजीत, गाडी मागं घे."

कुऱ्हाडीचा घाव बसला तो कुंपणाच्या खुंटावर. मग दुसऱ्यावर. प्रेमदासने काट्यांचा भारा पायाने लोटून बाजूला केला, तिसरा खुंट हाताने हलवून उपटला आणि जीप आत येईल एवढी वाट मोकळी करून, घाम पुसत, पोराकडे रागाने पाहिले.

"तिथं काहून थांबला रे? आत घे. पोरगी चिखलातून चालत येईल काय गाडीपातूर?"